आधी मनुका भिजत घाल

अरे, तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज रंकाळ्यावरनं फिरून आल्यावर निवांत लिहायला बसलोय. तू विचारलंयस की सर मला फॉसिल बियांवर काम करायचंय, कुठली पुस्तकं वाचू, आणि शेवटी हळूच लिहिलंयस की घरचे म्हणतात एमपीएससी कर. घरच्यांचं तू आणि ते बघून घ्या, मी त्यात पडत नाही. पुस्तकांचं पण नंतर बघू. आधी वाण्याकडनं बियावाले काळे मनुके आण, पन्नास ग्रॅम बास झाले.

एक मनुका रात्री भिजत घाल, सकाळी बी काढून धू आणि भिंगाखाली धर. एका बाजूला दोन उभ्या खाचा दिसतील, शेजारी शेजारी, खिळ्यानं दाबल्यासारख्या. उलटी कर, पाठीवर गोलसर चमच्यासारखा वण दिसेल. ही जोडी एकत्र दिसली की ती बी द्राक्षाच्या कुळातली हे सांगता येतं, मग पान नको, फूल नको, वेल नको. मध्य भारतात दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या चर्टच्या, म्हणजे गारगोटीसारख्या टणक दगडात अशाच खाचांच्या बिया सापडल्या, साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या, 2013 साली त्यांना नाव मिळालं इंडोव्हायटिस चितळेई. द्राक्षाच्या कुळातल्या आजवर माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या बियांत त्या मोजतात. हे चितळे म्हणजे श्या चितळे, नागपूरला वनस्पतीशास्त्र शिकवून पुढं अमेरिकेत क्लीव्हलँडच्या म्युझियममध्ये गेल्या त्या बाई. आपला भूखंड तेव्हा आशियाला चिकटलेलाच नव्हता, समुद्रात एकटा होता आणि त्याच्यावर द्राक्षाचे भाऊबंद उगवत होते! तासगावच्या बागायतदाराला हे सांगितलं तर तो म्हणेल दर सांगा सर, पण मला अजून अंगावर काटा येतो.

हे तुला आधी का सांगतोय, तर या क्षेत्रात येणारी पोरं दगड फोडायच्या मागं लागतात. दगडातली बी ओळखायची कशी? आजच्या बीशी ताडूनच की. ज्यानं शंभर जातींच्या आजच्या बिया कापून बघितल्या नाहीत त्याला फॉसिल हातात दिलं तरी तो खडा म्हणून टाकून देईल, आणि मीही टाकलेत, खोटं कशाला बोलू. फॉसिल वनस्पतींचे आपले मोठे अभ्यासक बिरबल सहानींनी छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलां गावचं एक फॉसिल फळ 1943 साली वर्णन केलं तेव्हा त्याला नावच एनिग्मोकार्पॉन दिलं, म्हणजे कोड्यात टाकणारं फळ. ते मेंदी आणि ताम्हणाच्या कुळाशी जुळतं असं आज धरतात, पण त्यासाठी कुणीतरी आजची फळं आडवी उभी कापून ठेवलेली लागतात ना.

आता मोठी गोष्ट. डार्विननं 1879 साली त्याच्या हुकर नावाच्या दोस्ताला पत्रात लिहिलं की फुलझाडं खडकात अशी अचानक येतात कुठनं, हे एक भयंकर कोडं आहे. त्यानंतर शंभर वर्षं लोक बहुतेक पानं, लाकूड आणि परागकण बघत राहिले. मग एल्स मारी फ्रीस ही संशोधक बाई आणि तिच्या बरोबरच्यांनी स्वीडन, पोर्तुगाल, अमेरिकेचा पूर्व किनारा इथली मऊ माती आणि वाळू आणून पाण्यात कालवून बारीक चाळणीनं चाळायला सुरुवात केली. चाळणीत काय राहिलं, तर कोळसा झालेली फुलं आणि बिया, खसखशीएवढ्या! कोळशाचं म्हणशील तर तू ऊसवाल्या घरचा आहेस, पाचट पेटवल्यावर फडात जा आणि बांधावरच्या गवताचा जळका तुरा अलगद उचल, काळाठिक्कर पण एक एक कुसळ जागच्या जागी असतं. कोळसा कुजत नाही. तेव्हाच्या वणव्यांनी हे काम करून ठेवलं होतं आणि आपण मोठं काहीतरी शोधत बसलो होतो.

त्यातल्या पोर्तुगाल आणि अमेरिकेच्या जुन्या बिया साडेबारा ते अकरा कोटी वर्षांच्या, बहुतेक अर्धा ते दोन मिलिमीटर. 2015 साली त्यांच्या आत सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रातल्या प्रखर एक्स-रेनं बघितलं, न फोडता, तर काहींत गर्भ सापडला आणि तो बीच्या मानानं एवढासा. बाकी सगळी जागा अन्नसाठ्याची. याचा अर्थ काय ते कळायला घरातलंच उदाहरण घे. हरभरा भिजवून सोल, आत दोन डाळिंब्या, म्हणजे गर्भच सगळी बी भरून बसलाय, पाणी लागलं की निघाला. आता सीताफळाची बी भिजवून उभी काप (ब्लेड निसटतं, बोट सांभाळ), आत सुरकुत्यांचा पांढरा गर आणि एका टोकाला गर्भ, शोधावा लागतो. असा गर्भ आधी बीच्या आत वाढतो आणि मग बाहेर येतो, म्हणून वेळ लागतो, बी थांबून राहते. सुरुवातीची फुलझाडं अशी थांबणारी होती. डायनासोरांच्या पायाखाली, बारीक बियांची, संधी मिळाली की उगवणारी. मोठाल्या बिया आणि गरवाली मोठी फळं जास्त करून डायनासोर गेल्यानंतरच्या काळात वाढत गेलेली दिसतात, पक्षी आणि सस्तन प्राणी खायला आले आणि झाडोरा दाट झाला तसं.

थांबण्यावरनं आठवलं. माझ्या बियांचा संग्रह तू बघितला नाहीस, कारण तो राहिलाच नाही. तीस वर्षं काड्यापेट्यांत आणि फिल्मच्या डब्यांत भरलेल्या बिया शाहूपुरीत भावाच्या तळमजल्यावर होत्या, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं. आठवड्यानं दार उघडलं तर चिखलात डबे लोळतायत, लेबलं शाईनं लिहिलेली, सगळी विरघळलेली. बिया होत्या, बऱ्याच धड होत्या, काहींना तर कोंब आले होते, पण कुठली कुठनं आणली, कधी, कुणाच्या शेतातनं, काहीच सांगता येईना. घमेल्यात भरून टाकून दिल्या. चूक माझी, पेन्सिलनं लिहायला हवं होतं, पेन्सिल पाण्यात जात नाही हे मी वर्गात पोरांना सांगायचो. दगडातल्या बीचं पण तेच, कुठल्या थरातनं काढली ते लिहिलं नसेल तर ती शोपीस आहे.

तर पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात जा. कड्यांवर रानकेळ दिसेल, काही जण तिला कवदर म्हणतात. फळ पिकल्यावर आतल्या काळ्या टणक बिया काढ, चार पाच बास, झाड उपटू नको. याच वंशातल्या बियांचे फॉसिल अमेरिकेत ओरेगॉनला सापडलेत, साधारण 4 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीचे, आणि आज हा वंश रानात फक्त आफ्रिका आणि आशियात उरलाय. तिकडं तो होता हे त्या बियांमुळं कळलं.

रविवारी दहाच्या सुमारास घरी ये, काकू पोहे करणार आहेत. भिंग माझ्याकडं आहे, ब्लेड नवीन आण आणि एचबीची पेन्सिल. मनुके आदल्या रात्री भिजत घालून आण, आणि दुकानदारानं बिनबियाचे गळ्यात मारले तर बदलून घे.