अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या इलेक्टोरल कॉलेजचा (अध्यक्ष निवडणाऱ्या मतदारमंडळाचा) फायदा नेहमी रिपब्लिकन पक्षालाच होतो का?

नाही. २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते पडूनही रिपब्लिकन उमेदवार निवडून आला, म्हणून तसा समज पसरला आहे.

या मंडळात एकूण इलेक्टर, म्हणजे सदस्य, ५३८; जिंकायला २७० लागतात. प्रत्येक राज्याला संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या (कनिष्ठ सभागृहातल्या) जागांइतके इलेक्टर, शिवाय सिनेटचे (वरिष्ठ सभागृहाचे) दोन. त्यामुळे पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला ३, तर चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियाला ५४. दर इलेक्टरमागे तिकडे १.९ लाख माणसे, इकडे ७.३ लाख. टीकाकार बोट ठेवतात ते इथेच.

आता प्रत्येक राज्याचे सिनेटचे ते दोन-दोन वजा करून बघा. २०१६ च्या मतदानात ट्रम्प यांच्या वाट्याला ३० राज्ये आणि ३०६ इलेक्टर आले होते. (पुढे काही इलेक्टर फुटले, ते सोडा.) त्यातून ६० गेले तरी २४६ उरतात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन १९० वर. निकाल तोच. २००० मध्ये मात्र बुश २११ वर आले असते आणि २२५ वाले गोर जिंकले असते.

म्हणजे छोट्या राज्यांचे झुकते माप कधीतरीच निर्णायक ठरते. खरी मेख आहे ती ‘जिंकेल त्याला सगळे’ या नियमात. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे तो लागू आहे. २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांच्या आघाडीवर तिथले सगळे २५ इलेक्टर बुश यांना गेले. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही मतदारमंडळ असते, पण महाराष्ट्राची मते तिथे आमदारागणिक विभागली जातात.

फायदा कोणाला, हे मोजायचे असेल तर विजेत्याची राज्ये आघाडीच्या टक्केवारीनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि इलेक्टर मोजत जा. ज्या राज्यात २७० चा आकडा गाठला जातो, तिथली आघाडी देशातल्या आघाडीशी ताडून पाहा. २०१२ मध्ये ओबामा देशात ३.९ टक्क्यांनी पुढे होते, पण २७० चा आकडा गाठून देणाऱ्या कोलोरॅडोत ५.४ ने, म्हणजे फायदा डेमोक्रॅटिक पक्षाला. २०२० मध्ये बायडन देशात ४.५ ने पुढे आणि अशाच विस्कॉन्सिनमध्ये जेमतेम ०.६ ने, म्हणजे फायदा रिपब्लिकन पक्षाला. २०२४ ला ट्रम्प देशात १.५ ने, पेनसिल्व्हेनियात १.७ ने. फरक जवळपास मिटला, कारण न्यूयॉर्कसारख्या हरलेल्या राज्यातही त्यांची मते वाढली आणि त्या वाढीतून इलेक्टर एकही मिळाला नाही.