विठ्ठलाचे रूप डोळ्यांसमोर टिकत नाही. सगुण ध्यान नेमके कसे करावे?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला समजला तो असा: डोळे मिटून विठ्ठलाचे मुख आठवायला बसले की ते क्षणभर उमटते आणि विरते, कधी त्याच्या जागी मालिकेत ती भूमिका करणाऱ्या नटाचाच चेहरा येतो, मग हे ध्यान की नुसती कल्पना अशी शंका येते, आणि अखेर निर्गुणापर्यंतच पोहोचायचे असेल तर ही खटपट कशासाठी, असेही वाटू लागते. मी कोणी अधिकारी पुरुष नव्हे. नित्य बैठक ठेवणारा आणि भागवत वाचणारा एक साधक म्हणून लिहीत आहे, त्यामुळे तुमच्या गुरूंनी काही निराळे सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे.

माझ्या मते तुमचे ध्यान चुकत नाही, फक्त तुम्ही शेवटापासून सुरुवात करता आहात. भागवताच्या तिसऱ्या स्कंधाच्या 28 व्या अध्यायात कपिल मुनी आपल्या मातेला, देवहूतीला, ध्यानाचा विधी सांगतात. तेथे आधी भगवंताच्या सर्वांगाचे दर्शन घ्यावे आणि चित्त तेथे थोडे स्थिरावले की ते एकेका अवयवावर लावावे, असे सांगून प्रत्यक्ष चिंतनाचा आरंभ चरणांपासून केला आहे. मुख, दृष्टी आणि हास्य ही अगदी अखेरीस येतात. दुसऱ्या स्कंधाच्या दुसऱ्या अध्यायातही हाच क्रम आहे, आणि तेथे एक व्यवहाराचे सूत्रही दिले आहे: पायांपासून हास्यापर्यंत एकेक अंग बुद्धीने न्याहाळावे आणि जे अंग साधले ते सोडून त्याच्या वरच्या अंगावर जावे. म्हणजे संपूर्ण मूर्ती एकाच वेळी, सर्व तपशिलांसह, डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली पाहिजे अशी अट कोणी घातलेली नाही. ती आपणच घालून घेतो आणि मग खट्टू होतो.

मुखापासून सुरुवात का करू नये, याचे कारण मला अनुभवाने असे वाटते की मुखाला मनात प्रतिस्पर्धी फार असतात. देव्हाऱ्यातली तसबीर, दिनदर्शिकेवरचे चित्र, लहानपणी पाहिलेली मूर्ती, मालिकेतला नट, हे सगळे एका जागेसाठी भांडू लागतात. शिवाय चेहरा आपण नेहमी एका दृष्टिक्षेपात ओळखतो, तुकड्यातुकड्याने पाहत नाही, त्यामुळे तो बळेच आठवायला गेले की नाक आठवते तेव्हा डोळे निसटतात. पायांचे तसे होत नाही. विटेवरच्या त्या दोन सम पावलांची जागा घ्यायला मनात दुसरे काहीच तयार नसते. नटाचा चेहरा आला तर त्याच्याशी झटापट करू नये, तो पुसायचा प्रयत्नही करू नये, कारण पुसायचे म्हटले की त्याच्याकडेच पाहणे आले. सरळ दृष्टी खाली चरणांवर आणावी. पंढरपुरास मुखदर्शन दुरून होते, पण पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहिलेला माणूस शेवटी विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवतो. त्या क्षणी त्याला मुख दिसत नसते आणि त्याची त्याला काही उणीवही वाटत नाही.

कपिलांच्या वर्णनातील दुसरी गोष्ट मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. ते अवयव नुसते मोजत नाहीत. प्रत्येक अंगाला एक कथा जोडलेली आहे. चरणांवर वज्र, अंकुश, ध्वज आणि कमळ ही चिन्हे आहेत, नखांची प्रभा हृदयातला अंधार घालवणारी आहे, आणि ज्या पाण्याने हे पाय धुतले गेले ते गंगाजल शंकरांनी मस्तकी धारण केले. मांड्या गरुडाच्या खांद्यांवर विसावतात आणि त्यांची कांती अळशीच्या फुलासारखी आहे. बाहूंवरची भूषणे मंदर पर्वताच्या घुसळणीत घासली जाऊन उजळलेली आहेत. हा शेवटचा तपशील मला विशेष आवडतो, कारण एका कड्याच्या चकाकीत सगळे समुद्रमंथन सामावले आहे. मनाला रिकाम्या चित्राकडे टक लावून बसायला सांगितले तर ते थोड्याच वेळात कंटाळते. अंगाबरोबर कथा असली की त्याला आत हिंडायला जागा मिळते, आणि हिंडूनही ते देवाच्या हद्दीबाहेर जात नाही.

विठ्ठलाच्या बाबतीत हेच असे करता येईल. आधी वीट पाहावी, तिचा कोर, तिची वरची सपाट बाजू. मग तिच्यावर जुळवून ठेवलेली दोन पावले, एक पुढे नाही, एक मागे नाही, दोन्हींवर सारखा भार. बोटे पाहावीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, सावकाश. तेथे वाहिलेले तुळशीचे पान पाहावे, त्याचा हिरवा रंग आणि खालचा काळा पाषाण. मग ही वीट पुंडलिकाने पुढे सरकवली, आई-वडिलांची सेवा संपेपर्यंत थांब म्हणून सांगितले आणि देव थांबला, एवढे आठवावे. हे पाय म्हणजे वाट पाहणारे पाय आहेत, हे एकदा आतून जाणवले की घोटे नीट दिसले की नाही याचा हिशेब आपोआप मागे पडतो. एखाद्या बैठकीत गुडघ्यापर्यंतही जाणे झाले नाही तर तेवढेच पुष्कळ समजावे. चरणांवर काही आठवडे घालवणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

चरणांवरून वर जाताना आधाराला शब्द हवे असतील तर ते तुम्हाला बहुधा पाठच असतील. तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ हा अभंग या दृष्टीने एकदा सावकाश म्हणून पाहावा. वीट, कटावरचे कर, गळ्यातला तुळशीहार, कासेचा पीतांबर, कानांतली मकरकुंडले, कंठातला कौस्तुभ, आणि शेवटच्या चरणात श्रीमुख. मधला क्रम थोडा मागेपुढे होतो, पण मुख अखेरीसच येते. अथर्वशीर्षातले गणपतीचे वर्णन किंवा रामरक्षेच्या आरंभीचा ध्यानश्लोक हेही याच कामाचे आहेत. आपण ते घाईने उरकून पुढच्या पाठाकडे वळतो; वास्तविक त्या श्लोकापाशी थांबून रूप उभे करायचे असते आणि मगच पाठाला लागायचे असते.

येथेच तुमच्या कल्पनेविषयीच्या शंकेचेही उत्तर आहे, असे मला वाटते. दिवास्वप्नात चित्राचा मालक मी असतो. मला हवे तेव्हा हवे ते बदलतो. ध्यानश्लोकात हात किती, हातात काय, वस्त्र कोणत्या रंगाचे, हे सगळे आधीच ठरलेले असते आणि मनाला त्यात ढवळाढवळ करायला वाव नसतो. तेथे मन चित्र बनवत नाही, दिलेल्या रूपापुढे हजर राहते. म्हणूनच मी सांगेन की रूप धूसर असले तरी चालेल, पण रोज बदलते असू नये. एक मूर्ती किंवा एक तसबीर ठरवावी, बसण्यापूर्वी उघड्या डोळ्यांनी ती नीट पाहावी आणि मग तीच आत न्यावी. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनोमयी आणि रत्नाची. मनात घडवलेली मूर्ती तेथे दगडाच्या मूर्तीच्याच पंक्तीला बसवली आहे. ज्याला पाषाणापुढे हात जोडताना ‘हा तर दगड’ असे वाटत नाही, त्याने मनोमय मूर्तीपुढे ‘ही तर कल्पना’ म्हणून अडखळण्याचे कारण नाही. या स्कंधावर एकनाथांनी मराठीत विस्ताराने लिहिले आहे आणि तो ग्रंथ 1573 साली काशीत पूर्ण झाला. मूळ संस्कृत जड वाटल्यास तो जरूर वाचावा.

काही माणसांना मात्र डोळे मिटल्यावर चित्र दिसतच नाही, धूसरसुद्धा नाही. हा श्रद्धेचा किंवा प्रयत्नाचा दोष नव्हे. मनाच्या ठेवणीतलाच हा फरक आहे आणि 2015 साली संशोधकांनी त्याला ‘अफँटेशिया’ असे नाव दिले. तुम्हाला क्षणभर का होईना रूप दिसते, म्हणजे तुमचे तसे नसावे, पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून लिहून ठेवतो. अशा साधकाने दिसण्याचा आग्रह सोडून मानसपूजा करावी. पाय धुतो आहे, पुसतो आहे, गंध लावतो आहे, तुळस वाहतो आहे, या क्रिया मनाने कराव्यात. पाण्याचा गारवा, गंधाचा ओला स्पर्श, तुळशीचा वास यांतून समोर कोणी आहे ही जाणीव चित्राशिवायही पक्की होते. मला तर चित्र स्पष्ट दिसणाऱ्यांनीही मानसपूजेपासूनच आरंभ करावा असे वाटते, कारण पाहणाऱ्या मनापेक्षा सेवेत गुंतलेले मन कमी भटकते.

मन भटकले की ते जेथे जेथे जाईल तेथून परत आणावे, एवढेच गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. वेळेविषयी ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातला दिलासा लक्षात ठेवावा: संपूर्ण चित्त देता येत नसेल तर आठ प्रहरांत निमिषभर तरी दे, असे तेथे भगवंत अर्जुनाला सांगतात. तासभर ओढूनताणून बसण्यापेक्षा हा निमिष रोज देणे मला अधिक मोलाचे वाटते.

आता निर्गुणाचा प्रश्न. अव्यक्ताच्या मागे लागलेल्या देहधाऱ्याला क्लेश अधिक होतात, हे गीतेच्या बाराव्या अध्यायातले वचन आपल्याला ठाऊकच आहे. पण कपिलांचा अध्याय आणखी पुढे जातो. अंगाअंगावर स्थिरावत चित्त हास्यापर्यंत पोहोचले, हृदय प्रेमाने द्रवले, डोळे भरून आले, की मग चित्ताचा तो गळ, ज्याने भगवंताला धरले होते, तोही हळूहळू सुटतो, असे तेथे म्हटले आहे. क्रम पाहा: आधी प्रेमाने द्रवणे, मग सुटणे. रूप आपण ठरवून टाकून द्यायचे नसते. चरणांवरही मन ठरत नसताना ‘शेवटी सारे निर्गुणच’ म्हणून रूप सोडणे हा मला बहुतेक वेळा कंटाळ्याला दिलेला वेदान्ताचा पोशाख वाटतो. (हे जरा कडक झाले, पण अशी पळवाट काढणारे पुष्कळ भेटतात.)

आणि रूप दिसून पुन्हा न दिसण्याविषयी शेवटचे. भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद आपल्या पूर्वजन्माची हकीकत व्यासांना सांगतात. दासीचा तो मुलगा, आई सर्पदंशाने गेल्यावर एकटाच निघालेला, अरण्यात पिंपळाखाली बसून चरणकमलांचे ध्यान करतो. हरी हळूहळू त्याच्या हृदयात प्रकट होतो आणि तेवढ्यात ते रूप नाहीसे होते. तो व्याकूळ होऊन पुन्हा पुन्हा मन एकाग्र करतो, पण रूप काही दिसत नाही. तेव्हा वाणी ऐकू येते की या जन्मी आता तुला माझे दर्शन नाही. एकदा दाखवले ते तुझी ओढ वाढावी म्हणून. त्यानंतर तो लाज सोडून भगवंताची नामे गात पृथ्वीवर संतुष्ट मनाने हिंडत राहिला. तुम्हीही मुख विरले त्या दिवशी बैठक मोडू नये. उरलेला वेळ चरणांपाशी बसून नाम घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विटेपासून सुरुवात करावी.