मटेरियल बॅलन्स: संतुलन, ताळेबंद की जमाखर्च?

प्रश्न आलाय की एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये दोन-तीन रिअ‍ॅक्शन एकदम चालतात तेव्हा जो मटेरियल बॅलन्स, म्हणजे आत किती माल गेला नि बाहेर किती आला याचा हिशोब, काढतात त्याला मराठीत 'द्रव्य संतुलन' म्हणायचं की 'द्रव्याचा ताळेबंद'. मला विचाराल तर दोन्ही नकोत.

संतुलन म्हटलं की केमिकलवाल्याला आधी इक्विलिब्रियम (सुलट आणि उलट रिअ‍ॅक्शन सारख्याच वेगाने चालतात ती अवस्था) आठवतं, शाळेत समीकरण 'संतुलित' करायचो ते आणखी तिसरंच, आणि रिअ‍ॅक्टर इक्विलिब्रियमपासून कोसभर लांब असला तरी हा हिशोब लागतोच. ताळेबंद त्यातल्या त्यात बरा, पण तो म्हणजे बॅलन्स शीट, 31 मार्चला दुकानात काय आहे नि कुणाचं किती देणं आहे एवढंच सांगणार. आपल्याला हवंय किती आलं, किती गेलं, मधे काय झालं. सरळ जमाखर्च म्हणा की!

इथिलीन ऑक्साइडचंच बघा, चांदीच्या कॅटॅलिस्टवरून (उत्प्रेरकावरून) इथिलीन आणि ऑक्सिजन सोडतात, काही इथिलीनचं हवं ते ऑक्साइड होतं आणि काही मेलं चक्क जळून कार्बन डायऑक्साइड नि पाणी होतं. समजा 100 मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) इथिलीन आत गेलं आणि 80 तसंच बाहेर आलं. म्हणजे 20 खर्ची पडलं, पण कुठल्या खात्यात? रिअ‍ॅक्शन दोन म्हणजे खाती दोन, एका आकड्यावर भागत नाही. मग बाहेरच्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड मोजायचा, 8 मोल निघाला तर एका इथिलीनमागे दोन या हिशोबाने 4 जळालं आणि 16 सत्कारणी लागलं. ऑक्सिजन बघा मात्र, 16 वाल्या खात्यात एकामागे अर्धा म्हणून 8 मोल आणि 4 वाल्यात एकामागे तीन म्हणून 12!

आता ह्या वहीत दुकानाच्या वहीत नसतो तो एक रकाना लागतो, 'तयार झालं', त्यामुळे मोलांची बेरीज जुळेलच असं नाही, इथे खर्ची पडलेल्या 40 चे (20 इथिलीन, 20 ऑक्सिजन) 32 झाले (16 ऑक्साइड, 8 कार्बन डायऑक्साइड, 8 पाणी). अणू मात्र जुळलेच पाहिजेत, इथिलीनच्या रेणूत कार्बन दोन, म्हणून कार्बन 200 आत, बाहेर उरलेल्या इथिलीनमध्ये 160, ऑक्साइडमध्ये 32 आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये 8. याला आपल्याकडे ताळा म्हणतात, म्हणजे 'ताळा'सुद्धा वाया जात नाही, जमाखर्च मांडायचा आणि अणूंचा ताळा करून बघायचा.

आणि यील्डला (आत घातलेल्यापैकी हवा तो माल किती झाला त्याला) 'उत्पन्न' नका लिहू प्लीज, साखर कारखान्यात उतारा म्हणतात तोच शब्द घ्या, वरच्या उदाहरणात 100 पैकी 16 म्हणजे उतारा 16 टक्के. खर्ची पडलेल्या 20 पैकी 16 म्हणजे 80 टक्के ती सिलेक्टिव्हिटी, तिला निवडकता चालेल.