नागीण बरी झाली, फोड सुकले, पण आग जात नाही, काय करावं?

तुमच्या आईंना नागीण होऊन चार महिने झाले, बरगडीवरचे फोड सुकले तरी आग होऊन राहिली आणि पॅरासिटामॉलनं फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण मला हेच झालं होतं म्हणून सांगतो.

कातडी भरली तरी आतली नस खराब झालेली असते, ती उगाचच बोंबलत राहते. नागीण उठल्यापासून तीन महिन्यांच्या वर दुखणं राहिलं की डॉक्टर त्याला पोस्ट हर्पेटिक न्युराल्जिया म्हणतात, त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन नाहीतर रात्रीची अमिट्रिप्टिलीन. या फिट्सच्या, डिप्रेशनच्या गोळ्या आहेत म्हणून घरचे घाबरतात, आमची बायको तर केमिस्टशी भांडून आली होती बाप्पा, पण नसेच्या दुखण्याला याच देतात. डोस हळूहळू वाढवतात, काही आठवडे धीर धरावा लागतो. सुरुवातीला गरगरतं, म्हणून आईंना रात्री बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. किडनी, हार्ट, काचबिंदू यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यावर गोळी आणि डोस ठरतो. मी तर दुखणं किती कमी झालं हे मोजणं सोडलं होतं, रात्री सलग किती झोप लागली तेवढं पाहायचो, फरक आधी तिथंच दिसला.

मला जास्त छळलं ते कपड्यानं. ढगळ कुर्ता हलला की सुया टोचायच्या, त्यापेक्षा अंगाला बसणारी मऊ सुती बनियान बरी वाटली, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवणं तर शक्यच नाही, मग वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवून झोपायचो. जागा सुन्न करणारा ५ टक्के लिडोकेनचा पॅच मिळतो, १२ तास लावायचा, १२ तास काढायचा, कातडी पूर्ण भरली असेल तरच. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलमही असतं, मला नाही झेपलं, आगीवर आग.

गेरूचा लेप, झाडफूक सांगणारे भेटतील. नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातो म्हणतात, तेही खोटं, ती बहुतेक वेळा एकाच नसेच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला राहते.

गोळ्यांनी भागलं नाही तर पेन क्लिनिकवाले नसेजवळ इंजेक्शन देऊन ती नस ब्लॉक म्हणजे सुन्न करतात. नागपुरात धंतोली, रामदासपेठेत न्यूरोलॉजिस्टची काही कमी नाही.

बाबा पन्नाशीच्या वर असतील तर नागीण होऊ नये म्हणून देतात त्या शिंग्रिक्स लसीचं विचारून घ्या, २०२३ पासून भारतात मिळते, २ ते ६ महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, महाग आहे. आईंची आताची आग तिनं जाणार नाही. घरात अजून कोणाला फोड उठले तर ७२ तासांच्या आत अँटिव्हायरल, म्हणजे विषाणूवरचं औषध, सुरू करायला पाहिजे, आणि डोळ्याजवळ असले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा.