कौन्सिलचे परवाना धोरण : हरकत कशावर घ्यावी आणि केव्हा?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या काही वाचकांनी मद्यविक्री आणि पाळीव प्राण्यांच्या व्यवसायांना लागणाऱ्या परवान्यांविषयी प्रश्न पाठवले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गैरसमज दिसतो. कौन्सिलने, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेने, परवाने देण्याचे आपले धोरण बदलले म्हणजे कायदाच बदलला, असे अनेकांनी धरून चालले आहे.

प्रश्न : पश्चिम लंडनमध्ये माझे किराणा मालाचे दुकान असून दारूच्या बाटल्या विकण्याचा परवाना गेली ११ वर्षे माझ्याकडे आहे. परवाना धोरणाचा नवा मसुदा तयार झाला असून त्यावर मत कळवावे, असे पत्र कौन्सिलकडून आले आहे. माझा परवाना यामुळे धोक्यात येतो का? मी काहीच कळवले नाही तर चालेल का?

उत्तर : आपला परवाना नव्या धोरणामुळे आपोआप रद्द होत नाही आणि त्याच्या अटीही बदलत नाहीत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मद्यविक्रीचा परवाना २००३ च्या परवाना कायद्याखाली मिळतो. हा कायदा नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि पूर्वी दंडाधिकाऱ्यांकडे असलेले हे काम त्याने कौन्सिलांकडे सोपवले. दुकानाचा परवाना सहसा मुदतीचा नसतो. वार्षिक शुल्क भरत राहिल्यास तो चालू राहतो.

परवान्याचे धोरण मात्र दर ५ वर्षांनी नव्याने ठरवून प्रसिद्ध करण्याचे बंधन कौन्सिलवर आहे. पूर्वी हा काळ ३ वर्षांचा होता. २०११ च्या कायद्याने तो वाढवला. धोरण ठरवण्यापूर्वी पोलीस, अग्निशमन दल, सार्वजनिक आरोग्य अधिकारी, परवानाधारकांचे प्रतिनिधी आणि रहिवासी व व्यावसायिकांचे प्रतिनिधी यांचे म्हणणे मागवावे लागते. आलेले अर्ज परवाना समिती किंवा तिची तीन सदस्यांची उपसमिती हाताळते. पण धोरण मंजूर करण्याचा अधिकार समितीलाही नाही आणि कौन्सिलच्या कार्यकारी मंडळालाही नाही. त्यासाठी पूर्ण सभागृहाचाच ठराव लागतो.

धोरणाचा आपल्याशी संबंध येतो तो पुढे. दुकानाची वेळ वाढवण्यासाठी आपण अर्ज केला, किंवा कोणी आपल्या परवान्याचा फेरविचार मागितला, तर त्या वेळी समिती नवे धोरणच समोर ठेवील. फेरविचारात अटी बदलणे, परवाना ३ महिन्यांपर्यंत स्थगित ठेवणे किंवा तो रद्द करणे, इथपर्यंत समितीचे अधिकार जातात. म्हणून मसुदा वाचावा, आणि वाचताना नेमका आपल्यासारख्या दुकानांवरचा भाग शोधावा. एकेक सुटा कॅन विकू नये, जास्त तीव्रतेची बिअर ठेवू नये, रात्री काउंटरवर दोन माणसे असावीत, अशा अपेक्षा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात. अशी अपेक्षा सर्व दुकानांना सरसकट लागू करण्याचा सूर दिसला, तर आपले उत्तर त्यावरच असावे. प्रत्येक अर्जाचा विचार त्याच्या गुणदोषांवरच झाला पाहिजे, हे तत्त्व सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट आहे, त्यामुळे कोणत्याही धोरणाला पोलादी चौकट होता येत नाही.

कळवले नाही म्हणून दंड होत नाही. पण मसुद्याच्या अवस्थेत केलेल्या सूचनेला जे वजन असते ते नंतरच्या तक्रारीला नसते. लोकांचे मत मागवायचे तर निर्णय ठरण्यापूर्वी मागवावे, पुरेशी माहिती आणि पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेली मते मनापासून विचारात घ्यावीत, ही इंग्लंडमधील न्यायालयांनी मान्य केलेली कसोटी आहे. तिचा उगम १९८५ च्या ज्या खटल्यात आहे, तो वायव्य लंडनच्या ब्रेंट कौन्सिलविरुद्ध शाळांच्या प्रश्नावर झाला होता. तेव्हा आपले उत्तर कुणी वाचणारच नाही, असे गृहीत धरू नका.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर आधीच दारूची सात दुकाने आणि बार आहेत. आमचा भाग मद्यविक्रीने "भरून गेलेला" आहे, असे कौन्सिलच्या धोरणातच म्हटले आहे. तरीही घरासमोर नव्या बारला परवाना मिळाला. मग धोरणाचा उपयोग काय? (मिडलंड्समधील एक वाचिका)

उत्तर : आपला संताप समजतो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या एका अशा कलमात आहे की जे बहुतेक रहिवाशांना ठाऊकच नसते. अर्जावर ग्राह्य, म्हणजे कायद्याच्या उद्दिष्टांना धरून असलेली, हरकत आली नाही, तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो, आणि अटीही अर्जदाराने स्वतः सुचवलेल्या गोष्टींशी सुसंगत अशाच घालता येतात. हरकत आल्यावरच सुनावणी होते आणि सुनावणी झाली तरच धोरण बाहेर काढले जाते. तोवर ते कितीही कडक असले तरी कपाटातच राहते.

आपण ज्याचा उल्लेख केला ते "एकत्रित परिणामांचे मूल्यमापन" होय. एकेक दुकान निरुपद्रवी असले तरी त्यांची दाटी झाल्यावर भांडणे, गोंगाट आणि कचरा वाढतो, असा पुरावा असल्यास कौन्सिल तो भाग आखून देऊ शकते. एप्रिल २०१८ पासून याला कायद्यात स्थान आहे आणि दर ३ वर्षांनी त्याचा पुन्हा विचार करावा लागतो. परंतु याने नव्या परवान्यांवर बंदी येत नाही. आपल्यामुळे त्रासात भर पडणार नाही, हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर सरकतो इतकेच, आणि तेही कोणी हरकत घेतल्यावर.

हरकतीसाठी अर्जाच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस मिळतात. त्या काळात जागेबाहेर फिकट निळ्या कागदावर सूचना लावणे आणि स्थानिक वर्तमानपत्रात ती एकदा छापणे बंधनकारक असते. हा निळा कागद दारूच्या जाहिरातींच्या गर्दीत किती जणांच्या नजरेस पडतो, हा प्रश्न मला स्वतःलाही पडतो. पूर्वी फक्त जवळच्या रहिवाशांची हरकत चालत असे. २०१२ पासून अंतराची ही अट गेली.

हरकत कशी लिहावी याबद्दल आग्रहाने सांगतो. "आणखी बार कशाला हवा?" हा मुद्दा समितीला विचारात घेता येत नाही, कारण बाजारात मागणी किती आहे हे ठरवणे परवाना समितीचे काम नाही. "दारूने आरोग्य बिघडते" हाही मुद्दा इंग्लंडमध्ये एकटा टिकत नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य हे उद्दिष्ट आहे, येथे नाही. येथील उद्दिष्टे चारच आहेत : गुन्हे आणि अव्यवस्था रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणे आणि मुलांचे हानीपासून रक्षण. तेव्हा कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता त्रास झाला, याच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात. परवाना दिला गेला असला तरी अशा नोंदींच्या आधारे आपण फेरविचाराचा अर्ज करू शकता. समितीच्या निर्णयावर २१ दिवसांत दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अपील होते. पण मूळ अर्जावर ज्यांनी हरकतच घेतली नाही, त्यांना ही वाट उपलब्ध नसते.

प्रश्न : रेडिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. ओळखीच्यांचे कुत्रे ते सुट्टीवर गेले की पैसे घेऊन घरी सांभाळतो. यासाठी परवाना लागतो, असे शेजारी म्हणतात. कौन्सिल प्राण्यांविषयीचे धोरण सुधारत आहे, तर माझ्यासारख्यांना सूट मागता येईल का?

उत्तर : येथे कौन्सिलचा हात फार आखडलेला आहे. २०१८ च्या प्राणिकल्याण परवाना नियमांनी १ ऑक्टोबर २०१८ पासून पाळीव प्राण्यांची विक्री, कुत्र्यामांजरांना ठेवून घेणे, कुत्र्यांची पैदास, घोडे भाड्याने देणे आणि प्राण्यांचे प्रदर्शन हे सारे एका छत्राखाली आणले. त्यापूर्वी यांतील काही गोष्टींसाठी १९५१ आणि १९६३ चे जुने कायदे वेगवेगळे होते आणि कौन्सिलगणिक अटी बदलत. आता अटी नियमांच्या परिशिष्टांतच आहेत. त्या सैल करण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. प्राण्यांविषयीच्या धोरणावर लोकांचे मत मागवण्याची सक्तीही मद्यविक्रीप्रमाणे नाही; कौन्सिल ते बहुधा स्वेच्छेने करते, आणि त्यात तपासणीची पद्धत, कारवाईची पायरी आणि शुल्क एवढेच खऱ्या अर्थाने तिच्या हातात असते.

परवाना लागतो का, हे आपण नफ्यासाठी किंवा मोबदला घेऊन हे काम करता का, यावर ठरते. सरकारी मार्गदर्शनात १,००० पौंडांच्या व्यावसायिक उत्पन्नाचा उल्लेख आहे. पण ती एक खूण आहे, सरसकट माफी नव्हे. आपली खरी अडचण वेगळीच दिसते. घरी कुत्रे ठेवण्यासाठी घरातून थेट जाता येईल अशी खासगी, बंदिस्त मोकळी जागा असावी आणि ती इतरांशी सामायिक नसावी, अशी अट आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत ती पुरी होणे कठीण आहे. शिवाय वेगवेगळ्या घरांतले कुत्रे एकाच वेळी ठेवायचे तर प्रत्येक मालकाची लेखी संमती लागते. विनापरवाना काम चालवणे हा २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याखाली गुन्हा असून तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणून पुढचा कुत्रा घेण्यापूर्वी कौन्सिलच्या परवाना विभागाला विचारून घ्या.

अन्य वाचकांसाठी एक गोष्ट. प्राण्यांचे प्रदर्शन वगळता इतर कामांचा परवाना १, २ किंवा ३ वर्षांचा मिळतो आणि त्यासोबत एक ते पाच तारे दिले जातात. नव्या व्यावसायिकाचा पूर्वेतिहास नसल्याने त्याला सहसा जास्त जोखमीच्या गटात धरतात, त्यामुळे सर्व काही उत्तम असले तरी पहिल्या खेपेला चार तारे मिळाले म्हणून नाराज होऊ नये.

प्रश्न : महाराष्ट्रात असे काही आहे का? (पुणे)

उत्तर : आहे, पण रचना वेगळी आहे. आपल्याकडे मद्याचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि जिल्हाधिकारी यांच्याकडून मिळतो. महापालिका पाच वर्षांचे धोरण लिहीत नाही. मात्र २५ टक्के महिलांच्या किंवा मतदारांच्या मागणीवरून मतदान घेऊन "आडवी बाटली" करण्याची, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्याची, जी सोय येथे आहे, ती इंग्लंडमध्ये नाही. हा हक्क तिथल्या वाचकांना हेवा वाटावा असाच आहे. प्राण्यांच्या दुकानांची नोंदणी २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे होते.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात हॉल भाड्याने घेऊन बिअर आणि वाइन विकायची आहे. परवाना घ्यावा का?

उत्तर : एका संध्याकाळसाठी कायमचा परवाना नको, तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना पुरते. तिचे शुल्क २१ पौंड आहे आणि कोणत्याही क्षणी ४९९ पेक्षा जास्त माणसे, कार्यकर्त्यांसह, हॉलमध्ये असू नयेत. सूचना कार्यक्रमाच्या १० पूर्ण कामकाजाच्या दिवसांपूर्वी पोचावी लागते; पोचण्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस मोजत नाहीत. शनिवारचा कार्यक्रम असेल आणि मध्ये बँकेची सुट्टी नसेल, तर दोन आठवडे आधीच्या शनिवारच्याही आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, ती कौन्सिलकडे असली पाहिजे.