भावाला दारू सोडायचीय, पण मीटिंगला जायला लाजतो. मुंबईत काय करता येईल?

भाऊ परळचा, आणि जवळच्या मीटिंगमध्ये ओळखीचं कोणी भेटेल ही भीती, असं तुम्ही लिहिलंय. मग परळला नकोच, लोकलने चार स्टेशनं पुढे जा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे (एए, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना) गट मुंबईत ठिकठिकाणी आहेत. त्यांच्या वेबसाइटवर भाग, वार, भाषा बघा आणि निघण्याआधी फोन करून खात्री करा, कारण जागा-वेळा बदलतात. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. चर्च बघून बिचकू नका, जागा तेवढी त्यांची.

पहिल्या दिवशी ऐकायचंच असतं. नुसतं पहिलं नाव सांगायचं, तेही नको असेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुरे. फी नाही, वर्गणी गोळा करतात, ती ऐच्छिक. एएच्या दारू सोडायच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमधली देवाची भाषा काहींना खटकते (मलाही), पण प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा. तुम्हाला सोबत बसायचं असेल तर ‘ओपन’ मीटिंग विचारा. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे, तिथे तुम्ही एकट्याही जाऊ शकता, तो गेला नाही तरी.

आणि तो रोज भरपूर पीत असेल तर एकदम बंद करायला लावू नका. थरथर, भास, फिट, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. आधी केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६.