कंपनीचा फोन, घरचे फोटो आणि अडकलेला हिशेब

प्रश्न: मी नाशिकला एका औषध कंपनीत चार वर्षं एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) होते. फोन आणि सिम कंपनीचं. घरासाठी वापरला तरी चालेल, असं रुजू होतानाच सांगितलं होतं. मुलीचे फोटो, बँकेचे ओटीपी, आधार सगळं त्याच फोनवर आणि त्याच नंबरवर आहे. राजीनामा मंजूर होऊन महिना झाला. एचआर म्हणतं, काहीही न पुसता, लॉक काढून फोन द्या, मगच फुल अँड फायनल, म्हणजे नोकरीचा शेवटचा हिशेब. मी म्हणते, आधी पैसे द्या. मिस्टर म्हणतात, रीसेट मारून देऊन टाक. काय करू?

उत्तर: ताई, रीसेट मारू नका आणि पैशांसाठी फोन अडवूनही ठेवू नका. आज कायदा बऱ्यापैकी तुमच्या बाजूने आहे. या दोनपैकी काहीही केलंत, तर कंपनीच्या हाती आयतं कारण जाईल.

फोन कंपनीच्या मालकीचा आहे. वापरायची मुभा होती, म्हणून तो तुमचा होत नाही. कंपनीची वस्तू बेकायदा अडवून ठेवली, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४५२ खाली एक ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. कोर्टाने परत करायला सांगूनही दिली नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैद. पगार थकलाय म्हणून फोन ठेवला, हा बचाव टिकणं कठीण.

रीसेटचं त्याहून वाईट. डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी, स्टॉकिस्टच्या (घाऊक औषध विक्रेत्यांच्या) ऑर्डरी, कामाचे ग्रुप ही कंपनीची माहिती. ती परवानगीवाचून पुसणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. त्यामागे अप्रामाणिक हेतू दिसला, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय फोनचा वैयक्तिक वापर कंपनीला मान्य होता, हे दाखवणारे तुमचे जुने मेसेजही त्यातच जातील. या नोंदी किंवा ऑर्डरी स्वतःच्या मेलवरही पाठवू नका.

मुलीचे फोटो मात्र कंपनीचे नाहीत. आज एचआरला मेल करा: ‘फोन परत करण्यास मी तयार आहे. माझे खासगी फोटो व खाती काढून घेणार आहे, कामाच्या कोणत्याही माहितीला हात लावणार नाही. हवं तर आपला माणूस समोर बसवा.’ मग फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, यूपीआय ॲप बंद करा, जीमेल साइन आउट करा. शेवटी लॉक काढा. फोन देताना आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख क्रमांक), फोनची स्थिती आणि तारीख लिहिलेली, सहीशिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील, तर फोन देऊ नका. तसं त्याच दिवशी मेलने कळवा.

खासगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये मूलभूत ठरवला. पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, आणि रुजू होताना तपासणीला संमती देणारी सही तुम्ही केलेली असू शकते. ते धोरण शोधून वाचाच. मात्र एक रेषा अगदी स्पष्ट आहे: हँडसेट कंपनीचा असला, तरी तुमचं गूगल खातं तिचं नाही. तुमचा पासवर्ड लबाडीने वापरून कोणी त्यात शिरलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचंच कलम ६६सी (66C) लागतं. तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता पैसे. वेतन संहिता, २०१९ ही नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. फोन हरवला किंवा फुटला आणि तो तुमच्या हलगर्जीपणामुळे, तर तेवढीच रक्कम कापता येते, तीही तुमचं म्हणणं ऐकून. हँडसेटसाठी सगळा हिशेब रोखणं त्यात कुठेच बसत नाही. फोन दिल्यावर सात दिवसांची लेखी मुदत द्या. तरी पैसे आले नाहीत, तर ती पोच घेऊन नाशिकच्या कामगार कार्यालयात दाद मागा. पोच हातात असली, की कंपनीकडे सांगायला फारसं उरत नाही.

फोटोंपेक्षा मला तुमच्या नंबरची काळजी जास्त वाटते. तो कंपनीच्या नावावर आहे. उद्या दुसऱ्या एमआरला दिला, तर तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातील. त्याच मेलमध्ये नंबर तुमच्या नावावर करण्यासाठी ना-हरकत पत्र मागा. ते मिळेल या भरवशावर बसू नका: सिम हातात असेपर्यंतच नवा नंबर बँकेत, आधारला आणि पीएफच्या खात्याला लावून घ्या. हे आधी, फोन त्यानंतर.